वीज कंपनीचं पैसे मागणारं पत्र कसं वाचायचं

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी एकोणतीस वर्षं वकिलांकडे कारकून होते. टायपिंग, फायलिंग, कोर्टात जाऊन तारखा टिपून आणणं, पक्षकारांना बसवून चहा सांगणं, सगळं माझ्याकडे. साहेबांची निम्मी कामं विजेच्या बिलांची. एखादी नोटीस आली की ती आधी माझ्या टेबलावर यायची. प्रत्येक रकमेसमोर समासात पेन्सिलीने मी एक शब्द लिहायचा: ‘अधिकार?’ पत्रात त्या रकमेला आधार दिलेला असेल तर शब्द खोडून तिथे कलमाचा नंबर लिहायचा, नसेल तर तो तसाच ठेवायचा. साहेब कोर्टातून आले की फक्त न खोडलेले शब्द वाचायचे.

आता मी निवृत्त आहे, नेरुळला राहते आणि आमच्या चौसष्ट फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे आले नाही, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. पेन्सिल अजून पर्समध्ये असते. तिचा उपयोग कसा करायचा ते इथे लिहिते, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जर बसवायचं ठरलं. त्यासाठी वेगळी जोडणी हवी, भार वाढणार. ठेकेदाराने एक कागद आणला. त्यावर केबल, पॅनेल, मजुरी आणि शेवटी एक ओळ: ‘वीज कंपनीचे चार्जेस, ट्रान्सफॉर्मरसह, 4,80,000’. चेअरमननी चेकबुक काढलंसुद्धा होतं. मी म्हटलं, थांबा, आणि त्या ओळीसमोर माझा शब्द लिहिला.

तर पहिली गोष्ट, कागद कोणाचा आहे ते बघा. हे इतकं बाळबोध वाटतं की कोणी करत नाही. कंपनीच्या कोटेशनवर अर्जाचा क्रमांक असतो, उपविभागाचं नाव असतं, बाबनिहाय रकमा असतात आणि पैसे कंपनीच्या नावानेच भरायचे असतात. आमच्या कागदावर ठेकेदाराच्या मोबाइल नंबराखेरीज काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपविभागात जाऊन विचारलं तर आमच्या सोसायटीचा अर्जच आलेला नव्हता. म्हणजे ज्या कंपनीने अजून आमचा अर्ज पाहिला नव्हता, तिच्या नावाने चार लाख ऐंशी हजारांचा आकडा आमच्या टेबलावर होता. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, अंदाजे लिहिलंय, साधारण एवढं लागतंच.’

कागद खरोखर कंपनीचा असेल तर पुढचं वाचा.

लोकांचे दोन गट असतात. एक म्हणतो, सरकारी आहे, वाटेल ते मागेल, आपण काय करणार. दुसरा म्हणतो, कंपनी आहे, धंदा आहे, भाव ती ठरवणारच. दोघंही चुकतात. 1960 पासून आपल्याकडे वीज मंडळ होतं. विद्युत अधिनियम 2003 आला आणि 6 जून 2005 ला मंडळाच्या चार कंपन्या झाल्या: एक सूत्रधारी, एक निर्मिती, एक पारेषण, एक वितरण (आपल्याला बिल पाठवते ती). मालकी राज्य सरकारची राहिली, पण भाव ठरवण्याचा अधिकार ना सरकारकडे राहिला ना कंपनीकडे. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे, त्याचं कार्यालय कफ परेडला. किराणा दुकानदार साखरेचा भाव सकाळी वाढवून संध्याकाळी उतरवू शकतो, या कंपनीला ते करता येत नाही. तिच्या प्रत्येक रुपयामागे कुणीतरी दिलेली परवानगी असावी लागते.

ती परवानगी शोधायची म्हणजे एक उतरंड डोक्यात ठेवायची. सगळ्यात वर कायदा. त्याखाली आयोगाचे विनियम, त्यात आपल्या कामाचा म्हणजे 2021 चा सप्लाय कोड, वीजपुरवठ्याची नियमावली. त्याखाली आयोगाचा दर आदेश आणि आयोगाने मंजूर केलेलं शुल्कपत्रक. मग कंपनीचं परिपत्रक. सगळ्यात खाली कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र. खालच्याने वरच्यापेक्षा जास्त मागायचं नाही. पत्रात ‘परिपत्रकानुसार’ एवढंच लिहिलेलं असेल तर समजा अर्धाच जिना दाखवलाय. ते परिपत्रक आयोगाच्या कोणत्या आदेशावर उभं आहे, हे विचारायचंच.

याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. नवीन जोडणी देताना वितरण कंपनी सर्व्हिस लाइन चार्जेस आणि आउटराइट कॉन्ट्रिब्युशन नावाने पैसे घ्यायची. आयोगाने 8 सप्टेंबर 2006 च्या आदेशात शुल्कपत्रक मंजूर करताना ही दोन्ही नावं बाहेर काढली. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 10 नोव्हेंबर 2016 ला तिचं अपील फेटाळलं गेलं. दहा वर्षं लागली, पण तत्त्व पक्कं झालं: शुल्कपत्रकात नाही ते घ्यायचं नाही. आणि घेतलं असेल तर विद्युत अधिनियमाचं कलम 62(6) आहे (इथली सगळी कलमं याच कायद्यातली), ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम बँक दराने व्याजासकट परत मागता येते. हे कलम मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलं होतं.

आता महिन्याच्या बिलाकडे वळू, पण तिथे फार रेंगाळत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांतून आणून देण्याचा) हे तिन्ही दर आदेशात आकड्यांसकट छापलेले असतात. इंधन समायोजन आकाराची ओळ पाहून लोक चिडतात, पण दर वर्षातून एकदाच बदलायचा या नियमाला इंधनाचा अपवाद कायद्यातच आहे. ‘वीज शुल्क’ तर कंपनीचं नाहीच, तो राज्याचा कर आहे, घरगुतीला 16 टक्के. कंपनी फक्त गोळा करून देते. त्यावरून काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका. एक मात्र बघा, ज्या महिन्याचं बिल त्या महिन्याला कोणता आदेश लागू होता. 28 मार्च 2025 ला आयोगाने पाच वर्षांचे दर ठरवले, कंपनीने पुनर्विचार मागितला, 2 एप्रिलला स्थगिती आली, 25 जूनला नवा आदेश आला आणि वाद पुढे न्यायालयात गेला. एवढ्या तीन महिन्यांत आमच्या खजिनदारांनी दरांचे तीन वेगवेगळे तक्ते वॉट्सॲपवर पाठवले. तीनही खरे होते, फक्त तारखा वेगळ्या.

खरे पैसे अडकतात ते कामाच्या खर्चात, म्हणजे केबल, ट्रान्सफॉर्मर, फीडर. ठाणे आणि नवी मुंबईत रोज नवा टॉवर उभा राहतो, त्यामुळे हे कोडं सगळ्यांच्या वाट्याला येतं. कलम 46 म्हणतं, जोडणी देण्यासाठी वाजवी झालेला खर्च कंपनी वसूल करू शकते, पण आयोगाने विनियमांतून जेवढी मुभा दिली तेवढाच. सप्लाय कोडमध्ये दोन खोल्या आहेत आणि तुमचं काम कुठल्या खोलीत बसतं हे ठरवलं की अर्धी लढाई संपते.

पहिली खोली समर्पित सुविधेची, ठेकेदार आणि इंजिनिअर मंडळी तिला ‘डीडीएफ’ म्हणतात. ती सुविधा फक्त तुमच्यासाठी किंवा तुमच्याच आवारातल्या, लगतच्या आवारातल्या गटासाठी असली पाहिजे. तसं असेल तर खर्च तुमचा, कुरकुर करू नका. काम परवानाधारक ठेकेदाराकडून तुम्ही स्वतः करून घ्यायचं ठरवलंत, तर कंपनी देखरेखीचं शुल्क घेते, मंजूर शुल्कपत्रकात ते 1.3 टक्के आहे. इथे ‘फक्त’ हा शब्द अधोरेखित करा. ट्रान्सफॉर्मर तुमच्या आवारात आहे पण त्याच्यावर शेजारची सोसायटी आणि कोपऱ्यावरची दुकानंही चालणार असतील, तर तो तुमच्या एकट्याचा कसा? साहेब अशा वेळी पक्षकाराला चिठ्ठी देऊन पाठवायचे, ‘ट्रान्सफॉर्मरमधून किती केबल बाहेर पडतात ते मोजून या.’ वकिलाने केबल मोजायला सांगितलेलं पाहून लोक हसायचे. पण त्या मोजणीवर केसेस सुटलेल्या आहेत.

दुसरी खोली वाढीव क्षमतेची. कंपनीच्या सामाईक यंत्रणेतच भर घालावी लागतेय, तर खर्चाचा तुमच्या भाराच्या प्रमाणातला हिस्सा मागता येतो. आणि तुमचा भार नव्याने तयार होणाऱ्या क्षमतेच्या 25 टक्क्यांच्या आत असेल तर तोही मागता येत नाही. हिशेब करून दाखवते. समजा 315 केव्हीएची (हे विजेच्या क्षमतेचं माप) नवी क्षमता तयार होतेय. तिचे 25 टक्के म्हणजे पावणेएकोणऐंशी केव्हीए. आमच्या चार्जरांना हवे होते 45. म्हणजे काम दुसऱ्या खोलीतलं ठरलं तर ट्रान्सफॉर्मरपोटी आमच्याकडून शून्य. ठेकेदाराच्या कागदावरचे ते शब्द, ‘ट्रान्सफॉर्मरसह’, याच कारणाने मला टोचले होते.

आता सुरक्षा ठेव. दरवर्षी उन्हाळ्यात जादा ठेवीचं बिल येतं आणि जिन्यात सभा भरते, ‘हे कसलं नवीन?’ नवीन काही नाही. कलम 47 ने ठेव घ्यायची मुभा दिलेली आहे, सप्लाय कोडने मासिक बिलवाल्या ग्राहकासाठी ती सरासरी मासिक बिलाच्या दुपटीपर्यंत ठरवली आहे. वापर वाढला की ठेव वाढते. यात भांडायला जागा नाही, भरा. एकदम जड जात असेल तर हप्ते मागा. पण त्यावर तुम्हाला व्याज मिळतं, बँक दराने, आणि ते बिलातून वळतं झालेलं दिसलं पाहिजे. किती जणांनी ती ओळ कधी शोधली? मी विचारलं तेव्हा चौसष्टांपैकी दोन हात वर आले, त्यातला एक माझाच. प्रीपेड मीटर घ्यायला तयार असणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

थकबाकीत दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या सांगतात. एक, ‘दोन वर्षं झाली की थकबाकी बुडते.’ नाही बुडत. कलम 56(2) बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2020 ला, राजस्थानच्या अजमेर वीज कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय: चुकून कमी आकारलेली रक्कम कंपनी नंतरही मागू शकते, पण मुदत उलटलेल्या त्या रकमेसाठी पुरवठा तोडण्याची धमकी देता येत नाही. वसुलीसाठी दिवाणी मार्ग धरावा लागतो. व्यापारी हक्क आहे, पण हातात पक्कड घेऊन तो बजावायचा नाही. आणि एरवीही तोडायचं तर लेखी नोटीस, तीही पूर्ण पंधरा दिवसांची. नोटीस हातात पडली तो दिवस आणि तोडण्याचा दिवस त्यात धरायचा नाही. रकमेवर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, दोहोंतली जी कमी ती ‘आक्षेपासह’ भरा. तोवर तोडता येत नाही. पावतीमागे किंवा सोबतच्या पत्रात ‘आक्षेपासह’ हा शब्द लिहायला विसरू नका.

दुसरी गोष्ट आधीच्या मालकाच्या थकबाकीची. माझ्या भाच्याने कोपरखैरण्याला बँकेच्या लिलावात गाळा घेतला. रात्री साडेदहाला फोन.

‘मावशी, जुन्या मालकाची चौदा महिन्यांची थकबाकी दिसतेय. भरून टाकतो आणि मोकळा होतो.’

‘तुझा तो कोण लागतो?’

‘कोणी नाही. का?’

‘मग सहा महिन्यांचीच भर.’

सप्लाय कोडची तरतूद अशी आहे की जुनी थकबाकी जागेबरोबर नव्या मालकाकडे येते खरी, पण वारस सोडून इतरांच्या बाबतीत जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच. ‘मी वापरलीच नाही, मी का भरू’ हे म्हणणंही चालत नाही; 19 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितलं की राज्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडून घेता येते. भाच्याने सहा महिन्यांचा आकडा काढला, तरतुदीचा उल्लेख करून अर्ज केला. एवढं सांगितल्यावर मुलगा मला गाळ्याच्या उद्घाटनाला बोलावेल असं वाटलं होतं. विसरला.

आता माझी चूक सांगते, कारण ती महाग पडणार होती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घरात पार्लर चालवतात, घरगुती मीटरवर. तपासणी झाली, कलम 126 खाली अनधिकृत वापराचं निर्धारण झालं, म्हणजे किती रक्कम द्यायची ते ठरलं, आणि अंतिम आदेश आला. मी मोठ्या आत्मविश्वासाने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार टाइप करून दिली. ती परत आली: 126 ची प्रकरणं मंचाच्या कक्षेत येत नाहीत. एकोणतीस वर्षं काम करून मी ते विसरले होते. अपील कलम 127 खाली विद्युत निरीक्षकांकडे असतं, मुदत तीस दिवस, आणि रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. तोवर एकोणीस दिवस गेले होते. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. उरलेल्या अकरा दिवसांत अपील दाखल झालं. तर नोटिशीत 126 हा आकडा दिसला की मंच विसरा, ग्राहक न्यायालयही विसरा, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद केला आहे. तात्पुरतं निर्धारण आलं तेव्हाच लेखी हरकत घ्या. आणि कालावधी तपासा: गैरवापर कधीपासून ते सिद्ध होत नसेल तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांपलीकडे जाता येत नाही. दर दुप्पट लागतो, त्यावर मात्र इलाज नाही.

पत्र कसं लिहायचं? भावना नको. ‘ज्येष्ठ नागरिक असून मनस्ताप’ वगैरे नको. साहेबांच्या वेळेपासून माझा मसुदा असा:

‘आपले कोटेशन क्र. ___, दिनांक ___ मिळाले. त्यातील अनुक्रमांक 3 येथील रकमेस विद्युत अधिनियम 2003 चे कोणते कलम, आयोगाचा कोणता विनियम आणि मंजूर शुल्कपत्रकातील कोणती बाब लागू होते ते लेखी कळवावे. सदर काम समर्पित सुविधेत धरले असल्यास, त्या यंत्रणेवरून अन्य कोणासही पुरवठा होणार नाही याची खात्री द्यावी. आमचे हक्क राखून हे पत्र देत आहोत.’

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे स्वतःच्या डायरीत लिहिलेली नोंद.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार. कंपनी सरकारच्या मालकीची असण्याचा हा फायदा, तिला तो कायदा लागू होतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. दीडशे शब्द पुष्कळ होतात. ‘का’ विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा: अंदाजपत्रकाची प्रत, ज्या परिपत्रकाचा आधार घेतला त्याची प्रत, ते ज्या आदेशावर काढलं त्याचा क्रमांक. कारण विचारलं की मत मागितलं म्हणून अर्ज परत येतो.

त्यापुढची पायरी म्हणजे कंपनीचा तक्रार कक्ष, मग मंच. नेरुळ, वाशी, ठाणे हा सगळा भाग भांडुप परिमंडळात येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जायला हवं. मंचाचा आदेश पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल, वांद्रे-कुर्ला संकुलात. वकील लागत नाही. वकिलाच्या कारकुनानेच हे सांगितलंय, लक्षात घ्या. कळवा, मुंब्रा, शीळला 1 मार्च 2020 पासून आणि भिवंडीला 2007 पासून खासगी फ्रँचायझी आहे म्हणून तिथले लोक समजतात की आपले नियम वेगळे. परवाना सरकारी कंपनीचाच आहे, फ्रँचायझी तिच्या वतीने काम करते. दर तेच, सप्लाय कोड तोच.

इथवर आपल्या खिशातलं झालं. पण आमच्या कमिटीतल्या एका तरुण सभासदाने विचारलं, मग ही कंपनी धंदा तरी काय करू शकते? प्रश्न चांगला होता. तीन ठिकाणी बघायचं. एक, कंपनीचं मेमोरँडम, त्यातला उद्देश खंड. कंपनी खात्याच्या पोर्टलवर फी भरून कोणालाही पाहता येतो. दोन, कलम 51: वितरण कंपनीला आपल्या खांब, जागा, तारांचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून दुसरा धंदा करता येतो, पण आयोगाला आधी कळवून, हिशेब वेगळे ठेवून, आणि मिळकतीतला हिस्सा वहन आकार कमी करायला वापरून. त्या धंद्याचा तोटा विजेच्या बिलात घालता येत नाही. तीन, कलम 17: परवाना किंवा यंत्रणेचा भाग आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, भाड्याने देता येत नाही. तसा करार केला तर तो रद्दबातल.

पारेषण कंपनीवर तर याहून कडक बंधन. कलम 41 म्हणतं, तिने विजेचा व्यापार करायचाच नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्र आहे, अख्ख्या राज्याची वीज कुठे किती जाते ते तिथून सांभाळलं जातं. त्यालाही व्यापार वर्ज्य. ज्याच्या हातात तराजू, त्याने माल विकायचा नाही, इतकं साधं कारण. वीज विकत घ्यायचे करारही वितरण कंपनी मनाने करू शकत नाही, कलम 86 खाली ते आयोगापुढे जातात. डिसेंबर 1993 मध्ये तेव्हाच्या मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी वीज विकत घ्यायचा करार केला तेव्हा असा आयोग नव्हता. त्या कराराचं पुढे काय झालं ते माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको.

आणि मक्तेदारी? कायद्यात ती नाहीच. एकाच भागात दोन परवाने देता येतात. नोव्हेंबर 2022 मध्ये एका खासगी कंपनीने ठाणे, नवी मुंबई, पनवेलसाठी तसा अर्ज केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, ते आठवत असेल. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले एक मेगावॉटच्या वरचे कारखाने बाहेरून वीज घेऊ शकतात, सरकारी कंपनी त्यांच्याकडून आयोगाने ठरवलेला वहन आकार आणि अधिभार घेईल, त्याहून काही नाही.

सरकारी कंपनीने करारातसुद्धा मनमानी करायची नाही, हे 1990 चं इंडियन ऑइलचं प्रकरण. दिल्लीतली एक भागीदारी पेढी अठरा वर्षं त्यांचं वंगणतेल विकत होती, पुरवठा अचानक बंद केला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्याची संस्था व्यापार करतानाही राज्यघटनेच्या 14 व्या अनुच्छेदाने बांधलेली असते, बाजू ऐकून घ्या. साहेब हे प्रकरण महिन्यातून एकदा तरी टाइप करून घ्यायचे. मला त्यातला परिच्छेद पाठ होता.

दर ठरण्याच्या आधी आयोग हरकती मागवतो, कलम 64. मी एकदा नवी मुंबईतल्या सुनावणीला गेले होते. व्यासपीठासमोर कारखानदारांचे सल्लागार लॅपटॉप घेऊन बसलेले, घरगुती ग्राहक हातावर मोजण्याइतके. माझा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर आला. तीन मिनिटं बोलले, ठेवीवरच्या व्याजाबद्दल. नंतर आदेश निघाला तेव्हा हरकत घेणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चुकीचं छापलेलं होतं, पण मुद्दा बरोबर होता.

आमच्या चार्जरांचं म्हणाल तर आम्ही स्वतः अर्ज केला आणि कंपनीचं कोटेशन आलं. चार ओळी. तीन ओळींसमोरचा शब्द मी त्याच संध्याकाळी खोडला. चौथ्या ओळीसाठी वरचं पत्र दिलं, शिक्का घेतला. उत्तरात परिच्छेद क्रमांक आला, ती देखरेखीची 1.3 टक्के होती. खोडली आणि चेक दिला. ट्रान्सफॉर्मर त्यात कुठेच नव्हता. ठेकेदाराचा ‘अंदाजे’ कागद मी फाइलला लावून ठेवलाय, पुढचा सेक्रेटरी येईल त्याला दाखवायला.